आतून कडी

ध्येय हा शब्द मिस्त्रीच्या आयुष्यात आला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही छापील फॉर्मवरून. त्याआधी बावीस वर्षं त्याने लोकांची दारं-खिडक्या बसवली, पण एकाही गिऱ्हाइकाने त्याला तुमचं ध्येय काय असं विचारलं नव्हतं. 'कधी देताय' एवढंच विचारलं, आणि त्याचंही खरं उत्तर त्याने कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

पुनर्वसन केंद्रातल्या समुपदेशक बाई मात्र उत्तर घेतल्याशिवाय सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. ज्याचं जिथे संपलं असेल, कमरेशी, गुडघ्याशी नाहीतर कोपराशी, तिथून पुढे त्याला एक ध्येय जोडून द्यायचं, हे त्यांचं काम. बाहेर चाकाच्या खुर्च्यांवर नंबराची वाट बघत बसलेली मंडळी आपसांत त्यांना ध्येयबाई म्हणत.

"ध्येय नेमकं हवं, मोजता येणारं हवं आणि त्याला मुदत हवी," बाईंनी समजावलं.

मिस्त्रीला हे लगेच पटलं. चौकटीचंही तसंच असतं. त्याने फॉर्म मांडीवर घेतला (मांडीचा त्याला आता तेवढाच उपयोग उरला होता) आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : बाथरूमला आतून कडी लावून बसणे. मुदत, सहा महिने.

बाईंनी ते एकदा चष्म्यातून वाचलं, एकदा चष्म्यावरून.

"हे ध्येय नाही, मिस्त्री. ही घरगुती अडचण झाली."

"मोजता येते की. लागली तर एक, नाही लागली तर शून्य."

"अहो, जरा मोठं काहीतरी बघा."

"मोठी कडी बघू?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. पोस्टरमध्ये एक माणूस चाकाच्या खुर्चीत बसून थेट डोंगराच्या टोकावर पोचला होता आणि दोन्ही हात पसरून ढगांकडे बघत होता. खाली लिहिलं होतं, 'मर्यादा फक्त मनात असते'. या माणसाने मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून काळजीत टाकलं होतं. तो वर कसा गेला याची त्याला उत्सुकता नव्हती. कुणीतरी उचलून ठेवला असणार. पण फोटो काढून झाल्यावर तो खाली कसा आला, आणि तोवर लघवीला कुठे गेला, हे पोस्टरवाल्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं.

"असं काहीतरी," बाई म्हणाल्या, आणि मिस्त्रीची ओळ खोडून त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : चाकाच्या खुर्चीवरून पाच किलोमीटर दौड. मुदत, केंद्राचा वार्षिक दिन. "इथे सही करा."

मागावा एक डोळा तर देव दोन देतो म्हणतात. मिस्त्रीने कडी मागितली, त्याला पाच किलोमीटर मिळाले. त्याने सही केली. बाई भल्या होत्या, आणि बाहेर आणखी सात जण ध्येयाशिवाय बसले होते.

कडीची हकिकत अशी.

मिस्त्री पडला तो कामावर नव्हे. कामावर तो चौथ्या मजल्याला बांधलेल्या परांचीवर उभा राहून तोंडात चार स्क्रू धरून खिडक्या बसवायचा, आणि तोंडात स्क्रू असतानाही शिव्या स्पष्ट द्यायचा. पडला तो घरी, स्वयंपाकघरात, दीड फुटी स्टुलावरून, बल्ब बदलताना. बल्बला काही झालं नाही. मिस्त्रीचा कणा मात्र ओट्याच्या कडेवर आपटला आणि कमरेखालचा सगळा स्टाफ कायमच्या रजेवर गेला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर हाताखाली माणूस हवं म्हणून त्याची थोरली बहीण पंधरा दिवसांसाठी राहायला आली. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या पंधरा दिवसांना बघता बघता पाचवा महिना लागला. घर तिच्यामुळेच चाललं होतं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. फक्त ते घंटेवर चाललं होतं.

ती आली त्याच आठवड्यात मिस्त्री बाथरूममध्ये गेला, जन्मभराच्या सवयीने कडी लावली, आणि खुर्चीवरून कमोडवर सरकताना हात सटकून कमोड आणि बादली यांच्या मधोमध जाऊन पडला. लागलं काही नाही. पण आतून कडी, बाहेर ताई. ताईने हाका मारून अख्खी इमारत गोळा केली. खालच्या दिव्यांच्या दुकानातला माणूस पहार घेऊन वर आला. आत फरशीला गाल लावून मिस्त्री सूचना देत होता, की बाबांनो, चौकटीला हात लावू नका, फटीतून पटाशी घाला, कडीचे स्क्रू दोन मिनिटांत निघतील. पण फरशीवर पडलेल्या माणसाकडून सूचना घ्यायची पद्धत नाही. पहार चौकटीत घुसली. लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने रंधून, एका सांध्यातही खिळा न मारता बसवलेली चौकट वरपासून खालपर्यंत फाटली, आणि मग पाच जणांनी मिळून चौकटीच्या मालकाला बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी ताईने दुसऱ्या सुताराला बोलावलं. त्याने चौकटीला हलक्या लाकडाचं ठिगळ मारलं, कडी उपटली, भोकांत पुट्टी भरली आणि वर भलताच रंग फासला. डॉक्टरांच्या फाइलमध्ये मिस्त्रीच्या एकाच दुखापतीची नोंद आहे. दुसरी ही.

तेव्हापासून नियम झाला. दार नुसतं लोटायचं, बाहेर कुणीतरी उभं राहायचं, आणि दर अर्ध्या मिनिटाला हाक मारायची.

"आहेस ना?"

"आहे."

जाणार कुठे होता?

घरात बाथरूम एकच, त्यामुळे मिस्त्रीसाठी काढलेली कडी सगळ्यांचीच गेली. आत कुणी आहे हे कळावं म्हणून ज्याने त्याने आपापली तोड काढली. बायको नळ सोडून ठेवी. कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर गाणी लावी. ताई पाढे म्हणे. आतून एकोणतिसाचा पाढा ऐकू आला की दाराच्या आसपास कुणी फिरकत नसे.

मिस्त्रीने बायकोपाशी विषय काढून बघितला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. नऊ तास उभी राहून घरी यायची आणि मग इथली पाळी सुरू व्हायची. त्या संध्याकाळी ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एवढं आत बसून करायचंय काय तुम्हाला?"

"काही नाही."

"काही न करायला कडी कशाला?"

"अगं, तेच. काही न करताना कुणी बघत असलं, की त्याचं काहीतरी होतं."

बायकोने चादरीची घडी पुरी केली, वर हात फिरवला.

"पडलात तर?"

"तर पडलेला असेन."

"हो. आणि उचलायला मी असेन," ती म्हणाली, आणि उशीचे अभ्रे घेतले.

तिचं बरोबर होतं. पण पडल्यापासून जेवताना, झोपताना, व्यायाम करताना, खिडकीशी बसून रस्ता बघताना, प्रत्येक वेळी कुणीतरी प्रेमाने त्याच्याकडे बघत होतं. प्रेमाला सुट्टी नसते आणि बदली कामगारही मिळत नाही. दिवसाकाठी वीस मिनिटं कुणाच्याही नजरेत नसणं, एवढंच त्याला हवं होतं. हे मागणं इतकं लहान होतं की कुणाला ते दिसतच नव्हतं.

शेवटी त्याने ताईपुढे अर्ज केला. तोंडीच.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. छत्तीस वर्षं तिने मुलांची कारणं अशीच ऐकली होती.

"साठ दिवस," ती म्हणाली. "सलग साठ दिवस एकदाही न घसरता खुर्चीवरून कमोडवर आणि कमोडवरून खुर्चीवर सरकून दाखव. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

दुसऱ्या दिवशी पॅसेजच्या भिंतीवर आखलेला तक्ता लागला. दिनांक, वेळ, स्थलांतर क्रमांक, शेरा, सही. खुर्चीवरून कमोडवर जाण्याला स्थलांतर म्हणतात हे घराला त्या दिवशी कळलं. शेरे सुरुवातीला 'ठीक' असे होते, पुढे 'समाधानकारक' झाले, एकदा 'घाई टाळावी' आला. तेविसाव्या दिवशी ओल्या हातामुळे मिस्त्री चार बोटं घसरला, सावरला, स्वतःहून काही बोलला नाही. ताईने तक्ता उतरवला आणि पहिल्या दिवसापासून नवा आखला.

"सावरलो की मी."

"सावरलास. पण घसरलास."

इकडे दौडीचा सरावही चालू होता, कारण सही केली होती. इमारतीमागच्या गल्लीत मिस्त्री खुर्ची पळवायचा आणि मुलगी मोबाइलवर वेळ लावून कचरापेटीवर बसायची. पहिल्या आठवड्यात त्याला पार्क केलेल्या स्कूटरने हरवलं. पण महिना-दोन महिन्यांत दंड भरले, तळहाताला पूर्वी रंध्याने पडायचे तसे घट्टे पडले, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की कमोडवर सरकताना आपण आता देह ओढत नाही, उचलून ठेवतो. बाईंनी फाइलमध्ये 'प्रगती उल्लेखनीय' असं लिहिलं. पाच किलोमीटरच्या नावाखाली हा गृहस्थ दीड फुटाची तयारी करतोय याचा त्यांना पत्ता नव्हता.

साठावा दिवस शुक्रवारी भरला. रविवारी दौड होती. ताईने शेवटच्या चौकोनात 'उत्तीर्ण' लिहून सही केली, आणि पेनाला टोपण लावत विचारलं,

"आता मला सांग, आत पडलास तर आम्ही यायचं कसं? दार आत उघडतं. तू दाराला टेकून पडलास तर पहारसुद्धा चालणार नाही."

याच प्रश्नाची मिस्त्री तीन महिने वाट बघत होता. त्याने ताईला पॅसेजात नेलं.

"दार बाहेर उघडणारं करतो. म्हणजे बिजागऱ्या तुझ्या बाजूला येतील. बिजागरीत पिन असते. खालून वर हातोडीचे दोन टोले घातले की पिन बाहेर. तीन बिजागऱ्या, तीन पिना. कडी लागलेली राहू दे, दार बिजागरीकडून सुटून तुझ्या हातात येतं. चौकटीला ओरखडा नाही."

"खालून वर."

"खालून वर. वरून मारलंस तर आणखी बसेल."

ताईने हातोडी हातात तोलून बघितली. एके काळी तिच्या हातात पट्टी असायची. हे वजन तिला आवडलं असावं.

"दर पाच मिनिटांनी हाक मारीन. ओ द्यायची. ओ आली नाही की पिना काढीन."

"अर्ध्या मिनिटावरून पाच मिनिटं?"

"उत्तीर्ण झालास ना?"

शनिवारी सकाळी त्याने कामाला हात घातला. खालची आणि मधली बिजागरी त्याने खुर्चीत बसून बसवली. वरची बिजागरी त्याच्या हाताच्या पुढे गेली. मुलीने न विचारता स्टूल आणलं. घरात दुसरं स्टूल नव्हतं, तेच आणलं. ती वर चढली, आणि मिस्त्रीने स्टुलाचे दोन पाय दोन हातांनी असे धरले की सोडवायला ताईसुद्धा कमी पडली असती.

"बाबा, डोळे का मिटलेत?"

"भुसा उडतोय."

"अजून ड्रिल लावलंच नाहीये."

"मग लाव ना. बोलत काय बसलीस?"

तिने स्क्रू तिरका मारला. त्याने तो काढायला लावला. दुसरा सरळ बसला, पण तो नुसता 'हं' म्हणाला. शिकाऊ माणसाला याहून जास्त दिलं की हात बिघडतो. संध्याकाळपर्यंत दार उभं राहिलं. ठिगळ उखडून तिथे चांगलं लाकूड आलं. आतल्या बाजूला दार ओढून घ्यायला आडवा दांडा, आणि बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर पितळी कडी.

घर पॅसेजात जमलं. मिस्त्री आतल्या खोलीतून खुर्ची चालवत आला, दारापाशी थांबला, मूठ धरली आणि दार ओढलं. दार त्याच्या पायांच्या फळीवर येऊन थडकलं. तो मागे सरला, पुन्हा ओढलं. दार उघडलं, पुरतं उघडलं, आणि पॅसेजात आडवं उभं राहिलं. दाराच्या अलीकडे मिस्त्री, पलीकडे बाथरूम. मधे दीड फुटाची फट.

त्या फटीतून बायको सहज गेली आणि सहज परत आली. मुलगी गेली. ताई अंग चोरून गेली. उभं माणूस कुणीही गेलं असतं.

मिस्त्री दाराच्या पाठीकडे बघत राहिला. बिजागऱ्या पूर्वी ज्या अंगाला होत्या त्याच अंगाला त्याने त्या पुन्हा बसवल्या होत्या, आतल्या खोलीच्या अंगाला. दाराचं माप घेतलं, पॅसेजचं घेतलं, कडीची उंची तीनदा बसून बघितली, पण दार कुठल्या अंगाने उघडावं हे डोक्याला विचारलंच नाही. ते बावीस वर्षं हाताचं काम होतं. आणि हाताने उभ्या माणसाचा हिशोब धरला होता. पायांचं काय झालं ते हाताला अजून कुणी कळवलं नव्हतं.

"आता रे?" ताईने विचारलं. तिच्या आवाजात मुख्याध्यापिका नव्हती.

"बिजागऱ्या हॉलच्या अंगाला, कडी इकडच्या अंगाला. जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची. उद्याचा दिवस जाईल."

"उद्या दौड आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने फोन मागितला.

"बाई, उद्या जमणार नाही मला."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. काम आहे."

"मिस्त्री, अहो, सहा महिन्यांचं ध्येय आहे उद्या."

"हो ना. त्याचंच काम आहे."

पलीकडे बाईंनी आवाज मऊ केला. "शेवटच्या क्षणी भीती वाटते. ते अगदी नैसर्गिक आहे. भीती ही यशाची पहिली पायरी असते."

"पायरी असली तर मला रॅम्प लागतो, बाई."

"मस्करी करून भीती जात नाही."

"भीती नाही हो. बिजागरी आहे."

बाईंनी तो शब्द बहुधा सांध्यांच्या एखाद्या दुखण्याचं नाव म्हणून टिपून घेतला. काळजी घ्या म्हणाल्या.

रविवारी चार वाजता दार दुसऱ्या अंगाने उभं राहिलं. या वेळी मिस्त्रीने प्रत्येक स्क्रूआधी खुर्ची नेऊन, वळवून, आत घालून बघितली होती. आतल्या खोलीतून आलं की कडीचं अंग समोर. दार ओढलं की ते हॉलकडे जातं आणि वाट मोकळी. तो हात धुवायला वळतोय तेवढ्यात बेल वाजली. ध्येयबाई आल्या होत्या, गळ्यात बिल्ला, हातात मिस्त्रीच्या नावाचं पदक. पदकं आधीच करून ठेवली होती.

"म्हटलं, खचला असाल," त्या म्हणाल्या, आणि बसता बसता पुन्हा उठल्या. पहाटे सहापासून त्या मैदानावर होत्या. मैदानावर चाकाच्या खुर्चीचं चित्र लावलेलं एक खास स्वच्छतागृह होतं. त्यात दौडीचे फलक आणि पाहुण्यांच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाकीच्यांना कुलूप होतं. "तुमचं बाथरूम... कुठे आहे?"

कुणी तोंड उघडायच्या आत त्या पॅसेजात गेल्याही. दार मिटल्याचा आवाज आला, मग क्षणभर शोधाशोध, मग खाली कुठेतरी सापडलेली कडी.

खट.

अकरा महिन्यांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता. मिस्त्री खुर्चीच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला. मुलगी तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात पळाली. ताईने सवयीने घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. पाहुण्या बाईला हाक कशी मारायची? अकराव्या मिनिटाला बाई बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, डोळे जरा लाल.

"साबण गेला," त्या कुणी न विचारता म्हणाल्या. मग खुर्चीत नीट टेकून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "कडी खाली आहे जरा."

"माझ्या उंचीवर आहे."

"बरोबर." त्यांनी फाइल उघडून लिहिलं. मिस्त्रीला उलटी अक्षरं वाचता येत. गिऱ्हाइकाच्या टेबलावर पलीकडून यादी वाचायची सवय. ध्येय : अपूर्ण. कारण : घरगुती अडचण. बाईंनी पदक टेबलावर ठेवलं, पुढच्या सहामाहीसाठी काहीतरी ठरवून ठेवा म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

मग मिस्त्री आत गेला. दांडा धरून दार ओढलं. कडी लावली. खुर्चीवरून सरकला, म्हणजे स्थलांतर केलं, आणि बसला.

आपल्याला रडू येईल असा त्याचा अंदाज होता. त्याने त्याला भरपूर वेळ दिला. ते आलं नाही. मोठा विचारही आला नाही. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी समोरच्या फरशीवर पडली होती. तिसऱ्या ओळीतली एक फरशी मूळ गवंड्याने पाव सूत तिरकी बसवलीय हे त्याला इतक्या वर्षांनी दिसलं. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमत होता, पण पडत नव्हता. मिस्त्री त्या थेंबाकडे बघत राहिला. ताईची पहिली हाक आली, त्याने ओ दिली. त्यानंतरची हाक आली ती कुणाच्यातरी दुसऱ्याच घरात मारल्यासारखी आली. तिला ओ द्यायची असते हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

हातोडीचा टोला पडला तेव्हा तो दचकला. दुसरा पडला. वरून खाली. ताई वरून मारत होती. पिन सुटायच्या ऐवजी आणखी बसत होती. सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"वन्सं, हातोडी द्या इकडे," बाहेर बायकोचा आवाज आला.

"अगं, ओ देत नाहीये तो."

"ठीक आहेत ते. श्वास ऐकू येतोय."

"बंद दाराबाहेरून श्वास ऐकू येतो होय तुला?"

"अकरा महिने तेच ऐकतेय मी."

मग ताईची पावलं हॉलकडे गेली.

मिस्त्री बाहेर आला तेव्हा एकूण बावीस मिनिटं झाली होती. ताईने तो आकडा हॉलमधून जाहीर केला. बायको दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिने हातोडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली,

"व्हा बाजूला."

ती आत गेली. कडी शोधायला तिला चांगलंच वाकावं लागलं असणार. खट. मिस्त्री नळाच्या आवाजाची वाट बघत थांबला. नळ सुटला नाही.

पाच मिनिटं झाली.

"आत कोण आहे आता?" ताईने हॉलमधून विचारलं.

"ही."

"काय करतेय?"

"काही नाही."

दहा मिनिटं झाली. आत भांडं नाही, बादली नाही, बांगडीचाही आवाज नाही. मिस्त्रीने कान पुढे केला. श्वास त्याला ऐकू आला नाही. त्याला तो ऐकायची सवय नव्हती. तो खुर्ची पुढे घेऊन बिजागरीपाशी गेला. वरून टोले खाऊन मधली पिन गच्च बसली होती. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला, मग काढून घेतला.

"अगं," तो हळूच म्हणाला.

उत्तर नाही.

"अगं, ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे," आतून आवाज आला. रडका नव्हता, चिडका नव्हता, कसलाच नव्हता. "जा तिकडे."

मिस्त्रीने खुर्ची दोन हात मागे घेतली. मग आणखी दोन हात. घड्याळात आणखी तीन मिनिटं झाली, आणि मांडीवरची हातोडी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.